गावची बाइक चार महिने उभी, सेल्फ घेत नाही. बॅटरी बदलू की चार्ज करून बघू? (मीटरचे आकडे दिलेत)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

गणपतीला गावी आलोय, चिपळूणजवळ. मे महिन्यात मुंबईला परतताना बाइक पडवीत लावली, वर ताडपत्री टाकली आणि गेलो. परवा चावी फिरवली तर न्यूट्रलचा हिरवा दिवा काजव्याएवढा. हॉर्नचा नुसता घोगरा आवाज. सेल्फचं बटण दाबलं की सीटखालून टक्-टक्-टक्, बाकी काही नाही. किकने सहाव्या का सातव्या वेळेला चालू झाली.

गाडी २०१६ ची, १५० सीसी. बॅटरी पाण्याची, १२ व्होल्ट ९ एएच (अँपिअर-अवर), साडेतीन वर्षांपूर्वी टाकलेली.

बाजारातल्या एका दुकानात नेली. समोरच्या माणसाने लांबूनच सांगितलं, "गेली ही, नवीन टाका." मीटर लावला नाही, झाकण उघडून बघितलं नाही. नवीन बॅटरीचे पैसे द्यायला माझी ना नाही, पण गेली आहे हे कशावरून ठरवलं ते कोणी सांगेल की नाही? घरी परत आणली. भाच्याचा साधा डिजिटल मल्टिमीटर होता, तो डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल वायर प्लसला, काळी मायनसला लावली. ११.३८ व्होल्ट.

मग बॅटरी बाहेर काढली. आधी मायनस सोडला, मग प्लस. (उलटं केलं आणि प्लस सोडताना पाना चॅसीला टेकला तर ठिणगी पडते, हे इथल्याच एका जुन्या धाग्यात वाचलं होतं, त्याचा उपयोग झाला.) प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा फुलोरा आलेला. डबा पुसून उजेडात धरला तर सहापैकी चार घरांत पाणी दोन रेषांच्या मधे, आणि मधली दोन घरं खालच्या रेषेच्याही खाली. एका घरात प्लेटचा वरचा काठ उघडा दिसत होता.

डिस्टिल्ड वॉटर आणलं. प्लेटा बुडतील इतकंच भरलं. सहाही बुचं काढून ठेवली आणि पडवीत वारा येतो तिथे चार्जरला लावली. चार्जर छोटा आहे, ०.९ अँपिअरचा. मधे दोनदा लाइट गेली तेव्हा चिमटे काढून ठेवले आणि आल्यावर परत लावले. एकूण दहा तास भरले असतील. काढल्या काढल्या १३.१ दिसले, दुसऱ्या दिवशी सकाळी १२.५२. गाडीत बसवली, सेल्फ एका दमात लागला! मला वाटलं काम झालं.

दोन दिवस रोज थोडी थोडी फिरवली. देवळात, बाजारात, खाली नदीपर्यंत. आज सकाळी परत टक्-टक्. मीटरवर १२.०५.

म्हणजे दुकानदार बरोबर होता का? की अजून काही बघायचं राहिलंय? माझ्याकडे अजून पाच दिवस आहेत.

घाटमाथा

भाऊ, साडेतीन वर्षं म्हणजे पैसे वसूल झाले. नवीन टाका आणि सुटा. गावाकडे रात्री-अपरात्री गाडी लागते, तेव्हा बंद पडली तर काय कराल?

मीटरवाली

घाटमाथा दादा, तुमची काळजी खरी आहे, पण चार्जिंगच होत नसेल तर नवीन बॅटरीसुद्धा चार दिवसांत अशीच उतरेल. आधी बघू या.

वाशिष्ठीकाठ, तुम्ही आकडे लिहून ठेवलेत ते फार चांगलं केलंत. त्यांच्यावरून एवढं कळतं की बॅटरीने चार्ज घेतला आणि रात्रभर धरलाही. १३.१ हा काढल्या काढल्या दिसणारा आकडा सोडून द्या, तो वरवरचा असतो. सात-आठ तास स्वस्थ ठेवल्यावरचा आकडाच खरा. पाण्याच्या बॅटरीला त्या वेळी १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की सेल्फची आशा सोडायची. तुमची १२.५२ म्हणजे भरत आली होती, पूर्ण भरली नव्हती.

आता तीन गोष्टी करा, याच क्रमाने:

बॅटरी परत नीट भरा. मग सेल्फ मारताना मीटर बॅटरीवरच धरून ठेवा आणि सर्वांत खाली कितीवर जातो ते बघा. १० च्या वर राहिला तर बॅटरीत दम आहे. ९.५ च्या खाली कोसळला तर नाही.

गाडी चालू झाली की रेस देऊन, साधारण ४०००-५००० आरपीएमला, परत बॅटरीवरच मीटर लावा. १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्याही खाली असेल तर गाडी बॅटरी भरत नाहीये. १५ च्या वर असेल तर जास्त भरतेय, पाणी उकळून कमी होतं ते त्यामुळेच.

तिसरी गोष्ट, चावी बंद असताना करंट कुठे झिरपतोय का. मायनसची वायर सोडा, मीटर अँपिअरवर घ्या (लाल वायर आधी मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात हलवायची, हे विसरू नका; तिथे शून्याच्या आसपास दिसलं तरच मिलिअँपिअरवर घ्या, साध्या मीटरला १० अँपिअरवर एक-दोन मिलिअँपिअर दिसत नाहीत), एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सोडलेल्या वायरला. एक-दोन मिलिअँपिअर असेल तर ठीक. ५० मिलिअँपिअर असेल तर गणित करा: ९ एएच भागिले ०.०५ म्हणजे १८० तास, साडेसात दिवसांत पूर्ण भरलेली बॅटरी रिकामी. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल्फ तर अजिबात दाबू नका. सेल्फला लागणारा करंट मीटरच्या फ्यूजला झेपणारा नाही.

नागपुरी_ऊन

माझा अनुभव सांगतो, उपयोग होईल. मागच्या मे महिन्यात माझीही अशीच बसली. चार्जरला बारा तास लावली, सकाळी १०.५. परत लावली, परत १०.५. बॅटरीत सहा घरं असतात, एका घराचे २.१ व्होल्ट. १२.६ मधून एक घर गेलं की राहिले १०.५. एक सेल आतून शॉर्ट झाला होता, त्याला किती चार्ज केलं तरी काही होत नाही. तेव्हा मी नवीन टाकली आणि मला वाईट वाटलं नाही, कारण का गेली ते कळलं होतं. तुमची १२.५२ वर उभी राहिली, म्हणजे तसं काही दिसत नाही.

आमच्याकडे उन्हात गाडी उभी राहिली की पाणी डोळ्यांदेखत उतरते. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी रेषा बघतो.

वाशिष्ठीकाठ

ताई, खूप आभार. आज परत चार्जिंगला लावतो. एक विचारायचं होतं: वडील म्हणताहेत की पूर्वी ते पागोळ्यांचं पाणी गाळून भरायचे, काही होत नव्हतं. डिस्टिल्डची बाटली संपलीय आणि दुकान दोन दिवस बंद आहे. चालेल का?

डेपोतले_काका

पागोळ्यांचं नको. कौलांवरची धूळ, शेवाळ, सगळं घेऊन येतं ते. बोअरचं, नळाचं, आरओचं, एसीतून गळणारं, यांपैकी कुठलंच नको. पाण्यातले क्षार प्लेटांवर बसले की निघत नाहीत. दोन दिवस थांबा, किंवा जवळच्या पेट्रोल पंपावर विचारा.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये बॅटरी विभागात एकोणतीस वर्षं काम केलं. बसची बॅटरी मोठी, तुमची छोटी, पण आतलं शास्त्र एकच. बॅटरी उतरते तेव्हा अ‍ॅसिडमधला गंधकाचा भाग प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे पाणी उरतं. चार्ज केली की तो परत अ‍ॅसिडमध्ये येतो. पण उतरलेली बॅटरी महिनोन्महिने तशीच ठेवली तर प्लेटांवरचा तो थर खडे धरतो, साखर ओलावल्यावर धरते तसा. मग तो सहजी सुटत नाही. आम्ही त्याला सल्फेट झाली म्हणायचो. तुमची चार महिने उतरत्या अवस्थेत होती, म्हणून थोडा थर धरला असणारच. त्याला उपाय एकच, सावकाश चार्ज.

सावकाश म्हणजे एएचच्या एक दशांश. ९ एएचला ०.९ अँपिअर. तुमचा चार्जर योग्य आहे, वेळ कमी पडला. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला बारा ते चौदा तास धरा. गेलेलं भरायचं तर त्याच्या सव्वापट-दीडपट घालावं लागतं, काही उष्णतेत आणि बुडबुड्यांत जातं. लाइट गेल्यावर चिमटे काढलेत ते बरोबर केलंत, काही साधे चार्जर बॅटरीतूनच उलटा करंट ओढतात.

भरली हे ओळखायचं कसं? सहाही घरांत डोकावा, डोळे लांब ठेवून. बारीक बुडबुडे सगळ्या घरांत सारखे येत असतील तर बॅटरी निरोगी. पाच घरं फसफसताहेत आणि एक गप्प, तर त्या घरावर संशय धरा. व्होल्टेज दोन तास एकाच आकड्यावर थांबलं की झालं. डबा हाताला सोसवेना इतका तापला तर बंद करून निवू द्या.

पाणी वरच्या रेषेपर्यंत भरायचं ते चार्ज संपल्यावर. आधीच काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना फुगून बाहेर येईल, आणि ते पाणी नसतं, अ‍ॅसिड असतं. पेंटही जातो, पँटही जाते. सांडलं तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसणं थांबेपर्यंत. टर्मिनलवरचा फुलोराही त्यानेच धुवा, पण बुचं घट्ट लावून. सोड्याचा थेंब आत गेला तर अ‍ॅसिड मरतं.

आणि अ‍ॅसिड वरून कधीही घालू नका. "थोडं अ‍ॅसिड टाकून देतो, तेज होईल" असं कोणी म्हणालं तर बॅटरी उचलून घरी आणा. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं. अ‍ॅसिड घातलं की चार दिवस जोर दिसतो आणि प्लेटा झडतात.

घाटमाथा

काका, एक शंका. मी मागे कारच्या बॅटरीला वायर जोडून बाइक चालू केली होती. ते चालतं का? आणि कारच्या चार्जरवर बाइकची बॅटरी लावली तर लवकर होईल ना?

डेपोतले_काका

कारचं इंजिन बंद ठेवून, प्लसला प्लस आणि मायनसची वायर बाइकच्या चॅसीला, असं क्षणभर करायला हरकत नाही. कार चालू ठेवून करू नका. कारच्या चार्जरचं मात्र ऐका: तो पाच-दहा अँपिअर ढकलतो. नऊ एएचच्या बॅटरीला ते म्हणजे लहान मुलाच्या तोंडात मोठ्यांचा घास कोंबणं. पाणी उकळेल, प्लेटा वाकतील, तास वाचवायला जाऊन बॅटरी जाईल.

चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तोही ध्यानात ठेवा. जवळ निरांजन, उदबत्ती, विडी काही नको. गणपतीचे दिवस आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, बॅटरी देवघराच्या खोलीत लावू नका. चिमटे आधी बॅटरीला लावायचे आणि मग भिंतीवरचं बटण चालू करायचं. काढताना आधी बटण बंद.

स्कूटरवाली_पुणे

मधेच विचारते, माफ करा. माझी स्कूटर २०२१ ची आहे, बीएस सिक्स, तिला किकच नाही. बॅटरी काळी, बंद डब्याची, पाणी घालायला बुचं नाहीत. ऑफिस घरापासून तीन किलोमीटर. दर सहा-आठ महिन्यांनी सेल्फ रडतो. हे सगळं मलाही लागू होतं का?

मीटरवाली

हो, पण थोडा फरक आहे. तुमची सीलबंद बॅटरी, तिला उघडायला जाऊ नका. पट्टी उचकटून पाणी घालणारे लोक मी बघितलेत, ती बॅटरी मग टिकत नाही. भरलेली असताना तिचा आकडा जरा वर असतो, १२.८ च्या आसपास, त्यामुळे १२.५ दिसले तर समाधान मानू नका. चार्जर घेताना सीलबंद बॅटरीला चालणारा, आपोआप कमी होणारा घ्या. ती फार उतरली असेल तर असे काही हुशार चार्जर तिला ओळखतच नाहीत आणि चालूच होत नाहीत. लोकांना वाटतं चार्जर बिघडला.

तुमचं खरं दुखणं तीन किलोमीटर. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइटचं बटणच नाही, इंजिन चालू की दिवा चालू. ३५ वॉटचा दिवा असेल तर तो एकटाच जवळजवळ तीन अँपिअर खातो. सिग्नलला गाडी मंद चालत असते तेव्हा इंजिनवर फिरून वीज बनवणारी कॉइल जेमतेम तेवढंच बनवते. एक सेल्फ मारून गेलेलं परत भरायला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालायला लागते, आणि तुमचा प्रवास तेवढ्यात संपतो. महिन्यातून एकदा रात्रभर चार्जरला लावा. आणि स्कूटर ढकलून चालू होत नाही, इंजेक्शनच्या गाडीला तर टाकीतलं पेट्रोल ढकलणाऱ्या पंपालाही बॅटरी लागते, म्हणून तुमच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे.

वाशिष्ठीकाठ

आज सगळं केलं. आकडे:

चौदा तास चार्ज. सहाही घरांत बुडबुडे, तिसऱ्या घरात सुरुवातीला कमी होते, शेवटच्या तीन तासांत सारखे झाले. पंप सात किलोमीटरवर होता, तिथे डिस्टिल्ड मिळालं, वरच्या रेषेपर्यंत भरलं. रात्रभर ठेवून सकाळी १२.६४.

सेल्फ मारताना सर्वांत खाली १०.६.

चावी बंद असताना झिरप १ मिलिअँपिअर.

आणि रेस दिल्यावर बॅटरीवर १२.७१. कितीही रेस द्या, १२.७१ च्या वर आकडा जात नाही.

म्हणजे बॅटरी नाही, गाडी भरत नाहीये. आता रेक्टिफायर (कॉइलची वीज बॅटरीला चालेल अशी करून देतो तो) बदलायचा का?

मीटरवाली

थांबा, पार्ट विकत आणू नका. रेक्टिफायरची प्लसची वायर त्याच्या कपलरपाशी (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) मागून टोचून मोजा, रेस दिलेलीच ठेवून. काळी वायर बॅटरीच्या मायनसवर ठेवा. तिथे १४ दिसले आणि बॅटरीवर १२.७, तर रेक्टिफायर चांगला आहे आणि सव्वा व्होल्ट वाटेत कुठेतरी अडतोय.

डेपोतले_काका

समुद्र जवळ, चार महिने पाऊस. मी पैज लावून सांगतो, कपलर किंवा अर्थ, म्हणजे मायनसची वायर चॅसीला लावतात तो जोड. सीटखाली चॅसीला अर्थचा बोल्ट असतो, तो खोलून बघा.

वाशिष्ठीकाठ

काका, ताई, दोघांनाही नमस्कार.

रेक्टिफायरपाशी १४.२ होते. कपलर सोडला तर एका बाजूचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, आणि लाल वायरची पिन शेवाळ धरल्यासारखी हिरवी. पिन टेकल्यासारखी दिसत होती, पण हलवली की डुगडुगायची. पॉलिश पेपरच्या बारीक पट्टीने दोन्ही बाजू घासल्या, मादी पिन नाकाच्या पक्कडीने जराशी आवळली, अर्थचा बोल्ट खोलून रंग निघेपर्यंत घासला, वर पेट्रोलियम जेली लावली. सगळं मिळून एक तास.

रेस दिल्यावर बॅटरीवर १४.१!

वडील बाजूला उभे होते. त्यांनी मीटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः परत लावून बघितला.

नागपुरी_ऊन

वा! ती पिन मात्र जमलं तर बदलून घ्या. एकदा तापलेली पिन परत सैल होते. वायरिंगवाला कपलरसकट नवीन तुकडा जोडून देतो.

घाटमाथा

मान्य. मी नवीन टाका म्हणालो होतो, ती आठवडाभरात उतरली असती आणि तुम्ही बॅटरीवाल्याशी भांडत बसला असतात. माझ्या गाडीचं आज संध्याकाळी मोजतो.

वाशिष्ठीकाठ

नागपुरी_ऊन, पिन काल बदलून घेतली. आता शेवटचा प्रश्न. मी परवा मुंबईला निघतोय, पुढचं येणं शिमग्याला. पाच-सहा महिने. बॅटरीचं काय करू? वडील सांगतात काढून लाकडी फळीवर ठेव, जमिनीवर ठेवली तर उतरते.

डेपोतले_काका

फळीवर ठेवा, वडिलांचं ऐका. जुन्या काळी डबे रबराचे-लाकडाचे असत आणि ओल्या जमिनीवर खरंच झिरपत. आताच्या प्लास्टिकला तसं होत नाही, पण पुसायला सोपं जातं. मुख्य म्हणजे पूर्ण भरून, वरून कोरडी पुसून, गार जागी ठेवा. नुसती ठेवली तरी ती दर महिन्याला थोडी उतरतेच. वडिलांना मीटर लावता येतो हे उत्तम. महिन्यातून एकदा बघायचं, १२.४ झाले की चार्जरला लावायची. त्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढं सांभाळलंत तर अजून दीड-दोन वर्षं काढेल.

आणि जेव्हा खरंच जाईल तेव्हा परड्यात टाकू नका, जुनी दुकानात परत देऊन मगच नवीन घ्या. आत शिसं असतं. नवीन पाण्याची घेताना अ‍ॅसिड भरल्यावर अर्धा तास मुरू देऊन पहिला चार्ज पूर्ण करून मागा. गिऱ्हाइकाला घाई असते, दुकानदारालाही असते, आणि ती बॅटरी पहिल्या दिवसापासून अर्धपोटी राहते.

वाशिष्ठीकाठ

डिसेंबर संपत आला, म्हणून धागा वर काढतोय.

बॅटरी माजघरात फळीवर आहे. वडील दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात तिथेच शेजारी, पेन्सिलीने आकडा लिहितात. काल आईने फोटो पाठवला. ऑक्टोबर १२.५८. नोव्हेंबर १२.४७. डिसेंबरला १२.३९, त्यापुढे "चार्ज, ५ तास", आणि दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात १२.६६.

स्कूटरवाली_पुणे

माझी आज सकाळी १२.८१. कालच रात्रभर लावली होती.

डेपोतले_काका

वडिलांना सांगा, १२.३९ ची वाट बघू नका, १२.४५ ला लावा. आणि त्या पेन्सिलीच्या आकड्यांचा एक फोटो इथे टाका.